दोरा मुद्दाम गुळगुळीत करायचा, मग गाठ धरणार कशी?

प्रश्न थोडक्यात असा. सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका डॉक्टरांचा हात काळ्या रेशमी दोऱ्यावर बसलेला आहे. तीन थ्रो (एक-दोन वेढे देऊन खाली आवळले की एक थ्रो) टाकले की गाठ पक्की, ही सवय. तोच हात एका विरघळणाऱ्या, कोटिंग केलेल्या दोऱ्यावर चालवला तर गाठ सैल पडली. वरिष्ठ म्हणाले, "कोटिंग आहे त्याला, घसरणारच." डॉक्टर विचारतात: गाठ टिकते ती घर्षणावरच, मग घर्षण कमी करणारा थर कंपन्या लावतातच कशाला? दोरा सलाइनमध्ये भिजवून घेतला तर सुधारेल का? आणि ट्रायक्लोसान हे जंतुरोधक लावलेला दोरा आणखी निसरडा असतो का?

डॉक्टर, मी सर्जन नाही. दोरा बनवणाऱ्यांतला आहे; माझी नोकरी विणकाम आणि कोटिंग या दोन खात्यांत गेली. कोणत्या जखमेला कोणता दोरा, हे तुमचे वरिष्ठच सांगतील. तुम्ही पाकीट फाडण्याआधी त्या दोऱ्यावर आम्ही काय काय केलेलं असतं आणि त्याचा तुमच्या गाठीशी काय संबंध, तेवढं मी सांगतो.

वरिष्ठांचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धं आहे. कोटिंगने घर्षण कमी होतं हे खरं. मात्र घर्षण म्हणजे दोऱ्याच्या अंगावर छापलेला एकच आकडा नव्हे. दोरा टिश्यूतून ओढला जातो तेव्हा एक घर्षण असतं, थ्रो बोटाने खाली सरकवताना दुसरं, आणि गाठ आवळून बसल्यावर तिच्या पोटात तिसरं. पहिली दोन कमी हवीत, तिसरं भरपूर हवं. एकाच थराकडून या दोन उलट गोष्टी करून घ्यायच्या, ही कोटिंगची खरी कारागिरी. ती बरीचशी साधते, पूर्ण साधत नाही. जेवढं साधत नाही तेवढं गाठ मारणाऱ्याच्या हाताने भरून काढावं लागतं.

कोटिंग का आलं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. विरघळणारा दोरा म्हणजे अनेक वर्षं कॅटगट: मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्याच्या थरापासून काढलेला, साधा किंवा क्रोमिक (क्रोमियमच्या क्षाराने उशिरा विरघळेल असा केलेला). शरीर तो एन्झाइमनी पचवतं, त्यामुळे किती दिवसांत पचेल याचा भरवसा जखमेगणिक बदलतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पॉलिग्लायकोलिक ॲसिडचा डेक्सॉन आला आणि १९७४ मध्ये व्हिक्रिल, म्हणजे पॉलिग्लॅक्टिन ९१०: ९० टक्के ग्लायकोलाइड आणि १० टक्के लॅक्टाइड. हे दोरे पाण्याने तुटतात, म्हणून त्यांचं वेळापत्रक बरंच ठरलेलं. व्हिक्रिलमध्ये दोन आठवड्यांनी मूळ ताकदीच्या साधारण ७५ टक्के, तीन आठवड्यांनी ५० टक्के उरते आणि ५६ ते ७० दिवसांत दोरा शोषला जातो. डॉक्टरांना हेच हवं होतं.

पण या पॉलिमरचा स्वभाव ताठ आहे. त्याचा एकच जाड तंतू काढला तर तो तारेसारखा उभा राहतो, गाठीत वाकत नाही. म्हणून केसाहून कितीतरी बारीक तंतू काढायचे आणि ते विणायचे. ब्रेडिंग मशीनवर बॉबिन एकमेकींना ओलांडत नागमोडी फिरतात. ८, १२ किंवा १६ बॉबिन, आणि जाड दोऱ्यात मधून सरळ जाणारा गाभा. दोरा मऊ होतो, हातात बसतो. मात्र प्रत्येक ओलांडणीच्या जागी एक उंचवटा राहतो. ३-० या क्रमांकाच्या दोऱ्याची जाडी ०.२० ते ०.२४९ मिलिमीटर; एवढ्याशा अंगावर उंचवट्यांची रांगच रांग. कोटिंग न केलेला दोरा अंगठ्याच्या नखावरून हलक्या हाताने ओढून बघा, बोटाला बारीक कुरकुर जाणवते. त्या कुरकुरीला आमच्या खात्यात सगळे 'चॅटर' म्हणतात.

ही कुरकुर टिश्यूला सोसावी लागते. दोरा आत ओढताना तो कडेला घासतो. त्वचेला त्याचं काही नाही, पण यकृत किंवा सुजलेलं आतडं अशा नाजूक जागी तीच घासणी कापायला लागते. दुसरं म्हणजे विणीतल्या फटी. त्या केशनलिकांसारखं काम करतात आणि द्रव दोऱ्याच्या आतून पुढे चढतो, सोबत जंतूही. कोटिंगने फटी पूर्ण बुजत नाहीत, कमी होतात. हा फायदा घर्षणाशी थेट संबंधित नाही, तरी कोटिंगच्या बाजूने मोजायला हवा.

आणि तिसरी गोष्ट, जी तुमच्या बोटांना सगळ्यात आधी कळते: थ्रो खाली उतरत नाही. ही तपासायची एक सोपी चाचणी आहे. दोऱ्याचा फास दोन गोल दांड्यांभोवती घालायचा, वर एक थ्रो टाकायचा आणि टेन्साइल मशीनने, म्हणजे ताण देऊन बळ मोजणाऱ्या यंत्राने, टोकं ओढून तो थ्रो खाली सरकवायचा. पडद्यावर बळाची रेघ उमटते. कोटिंग नसलेल्या दोऱ्याची रेघ दातेरी येते: थ्रो अडकतो, बळ चढतं, थ्रो एकदम सुटतो, पुन्हा अडकतो. स्थिर घर्षण जास्त आणि सरकतानाचं कमी, या फरकातून हे दाते तयार होतात. चांगल्या कोटिंगची रेघ खालच्या पातळीवर आणि जवळजवळ सपाट जाते. खोल ओटीपोटात बोटाच्या टोकाने थ्रो उतरवणाऱ्याला हे दाते फार महागात पडतात. थ्रो अर्ध्यावर अडकतो आणि जोर लावावा तर एकदम सुटून टिश्यूला हिसका बसतो. किंवा, त्याहून वाईट, थ्रो वरच अडकलेला असताना गाठ बसली असं वाटतं.

म्हणून सत्तरचं दशक संपता संपता कोटेड व्हिक्रिल आलं. त्याचं कोटिंग दोन गोष्टींचं, सम प्रमाणात: पॉलिग्लॅक्टिन ३७० आणि कॅल्शियम स्टीअरेट. पॉलिग्लॅक्टिन ३७० म्हणजे त्याच दोन घटकांचं उलट्या कलाचं मिश्रण, ६५ टक्के लॅक्टाइड आणि ३५ टक्के ग्लायकोलाइड. त्यात स्फटिक बनत नाहीत, म्हणून पापुद्रा लवचिक राहतो आणि दोरा ताठ होत नाही; शिवाय तोही शोषला जातो. कॅल्शियम स्टीअरेट म्हणजे स्टीअरिक ॲसिडचा कॅल्शियमशी झालेला क्षार, एका अर्थाने साबणच. औषधाच्या गोळ्या दाबताना साच्याला चिकटू नयेत म्हणून याच जातीची पावडर घालतात. पॉलिमर हा धरून ठेवणारा, स्टीअरेट हा सरकवणारा. नुसतं स्टीअरेट लावलं तर भुकटी झडते. नुसतं पॉलिमर लावलं तर दोरा थोडा गुळगुळीत होतो, पण थ्रो सहज उतरण्याइतका नाही. ही जोडी सांभाळणं किती नाजूक काम, हे कोटिंग खात्यात उभं राहिल्यावर लगेच कळतं: द्रावणात स्टीअरेट विरघळत नाही, तरंगत असतं, आणि ढवळणं जरा मंदावलं की तळाशी बसू लागतं. मग रीळाच्या सुरुवातीचा दोरा एक आणि शेवटचा दुसराच. कोटिंगच्या टाकीतला ढवळणीचा दांडा ही त्या लाइनवरची सर्वांत साधी वस्तू, पण लक्ष सगळ्यात जास्त तिच्याकडे द्यावं लागतं.

आता मुख्य प्रश्न. असा थर असूनही गाठ धरते कशी?

पहिलं कारण, पॉलिमरचं घर्षण शाळेत शिकलो तसं सरळ वागत नाही. शाळेत घर्षणांक स्थिर धरतात, दाब कितीही असो. मऊ पृष्ठभागांवर तो दाबाबरोबर बदलतो. हलक्या दाबाला, म्हणजे थ्रो सरकताना, दोन दोऱ्यांच्या मध्ये स्टीअरेटचे पापुद्रे असतात. त्यांचे थर एकमेकांवरून सहज घसरतात. गाठ आवळली की त्याच जागी दाब कित्येक पटींनी वाढतो, गोल दोरा चपटा होतो, पापुद्रा बाजूला सारला जातो आणि खालच्या विणीचे उंचवटे समोरच्या विणीत रुततात. त्या क्षणी कोटिंग जवळजवळ नसल्यासारखं होतं. म्हणून ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या, दोऱ्यावर कोटिंग करता येतं, कारण खाली रुतायला वीण असते. मोनोफिलामेंटला, म्हणजे एकाच अखंड तंतूच्या दोऱ्याला, ती सोय नाही, तो जन्मतःच गुळगुळीत.

दुसरं कारण गाठीच्या भूमितीत आहे, आणि तुमची गाठ का सुटली याचं उत्तर बहुधा इथेच. धक्क्यावर मचवा बांधताना खलाशी दोर खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि टोक एका हातात धरून उभा राहतो. मचव्याचा सगळा ओढा तो एकटा पेलतो. ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र हेच मोजतं. पेललेल्या ताणाचं प्रमाण घर्षणांक आणि वेढ्याचा कोन यांच्या गुणाकाराच्या घाताने वाढतं. म्हणजे घर्षणांक आकड्यात बसत नाही, घातांकात बसतो. घर्षणांक ०.२ असेल तर एका पूर्ण वेढ्याने ताण सुमारे साडेतीन पट पेलला जातो, तीन वेढ्यांनी ४३ पट. घर्षणांक अर्धा करून ०.१ केला तर एका वेढ्याचे जेमतेम १.९ पट आणि तीन वेढ्यांचे फक्त ६.६ पट. घर्षण निम्मं झालं, पकड मात्र सहा-सात पटींनी घसरली. हे आकडे कुठल्या एका दोऱ्याचे नाहीत, हिशेब कसा फिरतो ते दाखवण्यापुरते आहेत. खऱ्या गाठीत दोरे एकमेकांना दाबतात, त्याने पकड आणखी वाढते. पण दिशा हीच.

यातली दुसरी बाजू बघा. घर्षणांक घटला तर कोन वाढवून भरपाई होते, कारण दोघे गुणाकारात आहेत. थ्रो वाढवणं म्हणजे कोन वाढवणं. पण तो थ्रो सपाट आणि चौकोनी बसला तरच कोन वाढतो. एक टोक ताठ धरून दुसरंच टोक त्याच्याभोवती फिरवत राहिलात, तर बाहेरून गाठ रीफसारखी, म्हणजे सपाट चौकोनी गाठीसारखी दिसते, प्रत्यक्षात ताठ दोऱ्यावर ओवलेल्या दोन-तीन हाफ हिच, म्हणजे नुसते सरकते वेढे असतात. ताठ दोरा कुठेच वळलेला नाही, त्याचा कोन जवळपास शून्य. शून्याला काहीही गुणा. रेशमावर ही गाठ निभावून जाते, कारण रेशमाचं घर्षणच इतकं की चुकीची गाठही धरून बसते. कोटेड दोऱ्यावर तीच गाठ सरकते. एका हाताने भराभर बांधताना, विशेषतः खोल जागी, ही चूक कुणाच्याही हातून होते. त्यामुळे दोष कोटिंगचा की गाठीचा, असं विचाराल तर मी म्हणेन गाठीचा. रेशमाने तो इतके दिवस झाकून ठेवला, कोटिंगने उघडा पाडला.

टेरा आणि ओबेर्ग यांनी १९७६ मध्ये गाठी लिहायची एक पद्धत मांडली. प्रशिक्षणाच्या टेबलावर ती फार उपयोगी पडते. दोन वेढ्यांचा थ्रो म्हणजे २, एक वेढ्याचा १, आणि मधे बरोबरचं चिन्ह असेल तर थ्रो समांतर, गुणाकाराचं असेल तर आडवे, म्हणजे ग्रॅनी नावाची कच्ची गाठ. नेहमीची सर्जन्स नॉट २=१. कोटेड ब्रेडेड दोऱ्यावर मी ज्या सर्जनांना काम करताना पाहिलं, ते बहुतेक २=१=१ किंवा चार सपाट थ्रोंवर थांबतात; मोनोफिलामेंटवर त्याहून एक-दोन जास्त. पाकिटातल्या माहितीपत्रकात आकडा नसतो. सपाट, चौकोनी गाठी घाला आणि प्रसंग व अनुभव पाहून जादा थ्रो टाका, एवढंच लिहिलेलं असतं. कंपनी अंग काढून घेते असं तुम्हाला वाटेल, पण टाक्याला किती ओढ बसणार हे पाकिटाला माहीत नसतं. मात्र एका मर्यादेनंतर थ्रो वाढवून ताकद वाढत नाही, फक्त गाठ जाड होते. आत राहणाऱ्या परक्या वस्तूचा मोठा भाग गाठीतच असतो, हे लक्षात ठेवून थांबायचं.

टोकांचंही बघा. आवळलेली गाठ सुरुवातीला थोडी सरकून मग कुलूप होते. टोकं अगदी गाठीला लागून कापली तर सरकायला जागाच उरत नाही. ब्रेडेड दोऱ्याला तीनेक मिलिमीटर सोडतात, मोनोफिलामेंटला जास्त.

वरिष्ठांच्या वाक्याची एक बाजू मात्र मला मान्य आहे: सगळ्या कोटिंगची जात एक नसते. रेशमालाही कोटिंग असतंच, पिढ्यान्‌पिढ्या मेणाचं, नंतर सिलिकोनचंही. त्याच्या मूळ घर्षणापुढे ते जाणवत नाही एवढंच. न विरघळणाऱ्या पॉलिएस्टरचे प्रकार तर बरेच. मर्सिलीन बिनकोटिंगचा. टेव्हडेकवर टेफ्लॉन. टायक्रॉनवर सिलिकोन. एथिबाँडवर पॉलिब्युटिलेट, म्हणजे ॲडिपिक ॲसिडचं एक पॉलिएस्टर. तो थर खालच्या पॉलिएस्टरशी जातीने जवळचा, म्हणून धरून राहतो. टेफ्लॉनचं वेगळं आहे. ते कशालाच रसायनाने चिकटत नाही, हाच त्याचा गुण आणि हाच दोष. तंतूंमधल्या फटीत कण अडकून राहतात, एवढीच त्याची धरणी. हृदयाची झडप शिवताना टाक्यांची मोठी माळ एका मागोमाग झडपेच्या कडेतून ओढून खाली उतरवायची असते, तिथे गुळगुळीतपणाशिवाय काम होत नाही आणि गाठी मात्र अनेक थ्रोंच्या पडतात. खांद्याच्या दुर्बिणीतल्या शस्त्रक्रियांत फायबरवायरसारखे दोरे वापरतात: गाभा अत्युच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचा, वर पॉलिएस्टर आणि त्याच पॉलिएथिलीनची वीण, त्यावर सिलिकोन. ताकद अफाट, पण पॉलिएथिलीन हे घर्षणाच्या बाबतीत टेफ्लॉनचं शेजारी. तिथे दोरा तुटण्याआधी गाठ सरकण्याची चिंता.

डेक्सॉनचा इतिहास या संदर्भात सांगण्यासारखा आहे. मूळ दोरा बिनकोटिंगचा. मग डेक्सॉन प्लस आला, त्यावर पोलोक्सामर १८८. हे पाण्यात विरघळतं. कल्पना चतुर: गाठ मारेपर्यंत दोरा निसरडा, टिश्यूच्या ओलाव्यात थर निघून गेला की खालचा खडबडीत दोरा पुन्हा पकड घेणार. अडचण अशी की गाठ ज्या क्षणी मारली जाते त्या क्षणी निसरडेपणा पूर्ण असतो, आणि ओल्या ग्लोव्हने धरला तर थर आधीच पसरतो. नंतरच्या डेक्सॉन टूमध्ये ग्लायकोलाइड आणि कॅप्रोलॅक्टोनचं न विरघळणारं, पण शोषलं जाणारं कोटिंग आलं. व्हर्जिनिया विद्यापीठात एडलिक आणि रोडहेव्हर यांच्या गटाने त्या काळात कोटेड आणि बिनकोटेड दोऱ्यांच्या गाठी मशीनवर मोजल्या. थ्रो सहज उतरू लागतो, पण गाठ पक्की व्हायला जास्त थ्रो लागतात, हा व्यवहार त्या मोजमापांत स्पष्ट दिसतो. आजही बदललेला नाही.

एक गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते. अमेरिकी फार्माकोपिया, म्हणजे औषधं आणि दोऱ्यांची अधिकृत मानकं, दोऱ्याची जाडी तपासते, गाठ घालून ओढल्यावर किती बळाला तुटतो ते तपासते, सुई दोऱ्यातून किती बळाला निघते ते तपासते. विरघळणाऱ्या कृत्रिम ३-० दोऱ्याला गाठीसह सरासरी किमान १.७७ किलोग्रॅम-बळ आणि २-० ला २.६८, हे आकडे तिथे छापलेले आहेत. पण थ्रो किती सहज उतरतो, दोरा टिश्यूत किती घासतो, याची परीक्षा तिथे नाही. घर्षण ही कंपनीच्या घरातली गोष्ट. म्हणून दोन कंपन्यांचे ३-० पॉलिग्लॅक्टिन ९१० दोरे कागदावर सारखे आणि हातात वेगळे असू शकतात, आणि दोघेही नियमात बसतात. खरेदी समितीने कागदावरच्या तक्त्यावरून दोरा बदलला की ऑपरेशन थिएटरमध्ये कुरबुर सुरू होते, त्याचं मूळ इथे आहे. कुरबुर करणारा सर्जन लहरी असतो असं नाही. त्याच्या बोटांनी तक्त्यात नसलेला आकडा मोजलेला असतो.

स्वस्त दोऱ्यात काय वाचवलं जातं तेही सांगतो. कोटिंगचा माल महाग नसतो. महाग असतो तो विणीवरचा वेळ. वीण घट्ट आणि एकसारखी हवी तर मशीन हळू चालवावं लागतं. विणल्यानंतर दोरा धुऊन त्यावरचं कताईचं तेल काढायचं, मग गरम ताण देऊन अंग बसवायचं. हे नीट केलं तर थोडक्या कोटिंगमध्ये काम होतं. घाईच्या विणीवर मग जाड थर चढवून गुळगुळीतपणा आणला जातो. असा दोरा पाकिटातून काढल्यावर छान वाटतो, पण ताठ असतो, नीडल होल्डरमध्ये, म्हणजे सुई धरायच्या चिमट्यात, धरला की थर चुरतो आणि त्या जागी दोरा अचानक कुरकुरतो. एकच दोरा अर्ध्यावर निसरडा आणि अर्ध्यावर खडबडीत, हे कुठल्याही एकसारख्या दोऱ्यापेक्षा वाईट, कारण हाताला सवयच लागत नाही. यावरून एक व्यवहाराची गोष्ट: दोरा जिथे गाठीत जाणार आहे तिथे होल्डरने किंवा आर्टरी फोर्सेप्सने (चिमट्याने) पकडू नका. इन्स्ट्रुमेंट टाय, म्हणजे चिमट्याने गाठ, करताना फक्त जे टोक कापून टाकायचं आहे तेच धरा.

आता भिजवण्याचं. कॅटगट पाकिटात अल्कोहोलच्या द्रावणात असतो आणि तो मऊ करायला सलाइनमध्ये क्षणभर बुडवण्याची पद्धत आहे. भिजत ठेवायचा मात्र नाही. सुती किंवा लिननचा दोरा ओला झाल्यावर मजबूत होतो. रेशीम उलट, ओलं झाल्यावर ताकद कमी होते, म्हणून ते कोरडंच वापरायचं. आणि तुमचा विरघळणारा कृत्रिम दोरा? त्याचा तर जन्मशत्रू पाणी. आम्ही तो वाळवून, इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक करून, ओलावा आत जाऊ नये म्हणून फॉइलमध्ये बंद करतो. फॉइल फाटलं की त्याचं घड्याळ सुरू. वाडग्यात काही मिनिटं पडल्याने ताकद लगेच जात नाही, पण फायदाही काही नाही. स्टीअरेट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे भिजवून दोरा ना जास्त पकडेल ना जास्त सरकेल. गाठ सुटते म्हणून भिजवत असाल तर ते सोडून द्या.

सिस्टरना सांगून एक करता येईल: दोरा पाकिटातून काढल्यावर घडीच्या वळ्या घालवायला दोन बोटांत जोरात घासून सरळ करू नये. दोन्ही टोकं धरून हलका ताण द्यावा, पुरतं.

ट्रायक्लोसानचं उत्तर लहान आहे. तो जंतू रोखण्यासाठी कोटिंगमध्ये मिसळलेला असतो, वंगण म्हणून नाही. प्लस लिहिलेल्या दोऱ्यांत मूळ कोटिंग तेच राहतं, म्हणून हाताला फरक जाणवू नये. त्याने जखमेचा संसर्ग किती टळतो हा वेगळा आणि चालू वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याला सशर्त शिफारस आहे. तर भारतासह सात देशांतल्या पोटाच्या शस्त्रक्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या फाल्कन चाचणीत, ५,७८८ रुग्णांत, ट्रायक्लोसानच्या दोऱ्याचा फायदा दिसला नाही. ते तुमचं क्षेत्र, मी त्यात पडत नाही.

कोटिंग नकोच, मोनोफिलामेंटच वापरू, असंही काही जण म्हणतात. सुश्रुताच्या सूत्रस्थानात टाक्यांच्या साहित्याची जी यादी आहे त्यात अश्मंतकाची साल, ताग, क्षौम (जवसाचा धागा), स्नायू (प्राण्यांच्या चिवट तंतूंचा दोरा) यांच्यासोबत केसही आहे, आणि केस म्हणजे निसर्गाने दिलेला मोनोफिलामेंट. तेव्हा कल्पना नवी नाही. पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन, पॉलिडायऑक्झॅनोन हे सगळे टिश्यूतून सुंदर सरकतात, फटी नाहीत म्हणून द्रव चढत नाही. पण पाकिटातल्या वळ्यांची आठवण ठेवतात, ताठ असतात, आणि गाठीला रुतायला वीण नाही. घर्षणाचा प्रश्न तिथेही थ्रो वाढवूनच सुटतो. काटेरी दोऱ्यांनी, म्हणजे बार्ब्ड सुचर्सनी, गाठच काढून टाकली. एका दिशेने सरकायचं, उलट दिशेने रुतायचं. घर्षण दिशेप्रमाणे वेगळं ठेवण्याची ती युक्ती मला तरी कुठल्याही नव्या कोटिंगपेक्षा हुशारीची वाटते. २०२१ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी स्नायुरज्जूच्या आवरणावरून सुचलेलं चिवट जेल ब्रेडेड दोऱ्यावर चढवून टिश्यूतली घासणी कमी करून दाखवली. चांगलं काम आहे. असं काही वाचलं की मी आधी एकच बघतो: थर लावलेल्या दोऱ्याची गाठ मोजली आहे का, आणि कितव्या थ्रोला.

तुमच्यासाठी शेवटचं, घरी करण्यासारखं. विभागात मुदत संपलेली पाकिटं पडलेली असतात, ती मागून घ्या. नव्या दोऱ्यावर हात बसवायचा तर जाड पेनाभोवती फास घाला, ग्लोव्ह घालून, बोटं ओली करून, कारण थिएटरमध्ये ती कोरडी नसतात. तुमच्या नेहमीच्या पद्धतीने तीन थ्रो टाका, टोकं तीन मिलिमीटरवर कापा, फास पेनावरून काढा, आत दोन बोटं घालून सावकाश पण जोरात ताणा. टोकं आखडत गाठीत शिरली तर गाठ सरकते आहे. दोरा गाठीपाशी तुटला तर गाठ धरते आहे. मग प्रत्येक थ्रोनंतर हात मुद्दाम आडवे ओलांडून, दोन्ही टोकांवर सारखा ताण ठेवून तेच पुन्हा करा. तीनच थ्रोंत फरक दिसला तर थ्रो वाढवण्याची गरज नाही, हात बदलायला हवा. फरक दिसला नाही तर चौथा थ्रो टाका आणि पुन्हा ताणून बघा. विभागात दोऱ्याची कंपनी बदलली की हे पुन्हा करायचं.